कडबोळ्याचा पीळ

दुसरा घास तिने घेतलाच नाही. हातातलं कडबोळं चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"खवट लागतंय का गं?" मैत्रिणीने विचारलं. दोघी एकाच लॅबमध्ये रक्त तपासायच्या. पाचचा चहा आणि त्याबरोबर बिस्किटं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. बिस्किटांना विटून मैत्रीण आज हे पाकीट घेऊन आली होती.

"नाही. कुठून आणलंस?"

"स्टेशनरीवाल्याच्या शेजारी नवीन दुकान झालंय ना. हल्ली घरी कोणी करत नाही असलं सगळं मिळतं तिथे. आपल्या लहानपणचं."

कडबोळ्याची दोन टोकं एकमेकांवर दाबून टाकतात. याची टोकं एकमेकांभोवती पिळून जोडली होती. भाजणीत ओवा होता आणि जाडसर भरडलेली मिरी. असं कडबोळं तिने आयुष्यात एकाच डब्यातलं खाल्लं होतं. आईच्या.

आई घर सोडून गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. "लांब नोकरी लागलीय तिला," एवढंच बाबांनी सांगितलं. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा बाहेरून येताना पत्र्याचा डबा आणायचे. "आईनं पाठवलाय." संध्याकाळी बाबा चहा घ्यायचे आणि ती दुधाबरोबर एकच कडबोळं खायची. महिनाभर पुरलं पाहिजे म्हणून.

अकराव्या वर्षी तिने दप्तरात कपडे भरले. "आईला माझी आठवण येते. नाहीतर डबे कशाला पाठवेल? मी तिच्याकडे जाणार."

बाबांनी कपडे दप्तरातून काढून परत कपाटात ठेवले. त्यानंतर डबा कधी आलाच नाही. बाबांनीच आईला तोडलं, हे तिने त्या वयात मनाशी पक्कं केलं. पुढे आईने दुसरं घर मांडल्याचं कानावर आलं, तरी मनातली अढी गेली नाही. आता ती छत्तीसची झाली होती. एकाच घरात राहून बापलेक कामापुरतं बोलत.

त्या संध्याकाळी तिने दोन नळ्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मैत्रिणीच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं.

"घरी जा तू," मैत्रीण म्हणाली. "तुझं चित्त नाही आज थाऱ्यावर."

ती दुकानात गेली. दुकानदाराने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"बायकांचा गट आहे एक. गिरणीच्या वर, पहिल्या मजल्यावर. यातलं कोण काय करतं ते मला नाही सांगता यायचं. दुपारी जा, सगळ्या असतात."

घरी आली तर बाबा नुकतेच वाचनालयातून आले होते. निवृत्त झाल्यापासून दुपारी तिथेच असत.

"चहाबरोबर खाल्लंस का काही?" त्यांनी रोजच्यासारखं विचारलं.

"हो." ती दाराशीच उभी राहिली. "आई कुठे असते, माहितीय तुम्हाला?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आज मध्येच?"

"असंच."

"नाही माहीत."

"कधीच नव्हतं?"

"भात लावतो," म्हणत ते आत गेले.

रात्रभर ती कूस बदलत राहिली. इतकी वर्षं आई याच गावात असेल तर? रस्त्यात शेजारून गेली असेल तर? रागवावं, रडावं की नुसतं समोर जाऊन उभं राहावं, काही ठरेना. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती निघाली. वाटेत दोनदा परत फिरली.

गिरणीच्या वरची खोली भाजणीच्या वासाने भरली होती. सात-आठ जणी पाकिटं भरत होत्या. साठीच्या पुढचा एकेक चेहरा तिने निरखून पाहिला. ओळखीचा एकही नव्हता.

"कोण हवंय?" गटाच्या ताईंनी विचारलं.

"कडबोळी कोण करतं? पीळ दिलेली."

ताई हसल्या. "बघा, सगळे तोच पीळ विचारतात. आमच्या कोणाला जमत नाही तसा. दोनच महिने झालेत गटात येऊन, पण हात काय आहे!"

"कुठून आला हा पीळ, काही..."

"मी विचारलं होतं. लेकीला दर महिन्याला डबा भरून द्यायचा म्हणून शिकावं लागलं म्हणे. पंचवीस वर्षांनी पुन्हा पीठ हातात घेतलंय. लेकीचा विषय निघाला की पुढे काही बोलत नाहीत, तेव्हा तुम्हीही फार खोदू नका. जा, आत तळण चाललंय."

म्हणजे आई विसरली नव्हती. लहानपणापासून जे धरून ठेवलं होतं ते खरं निघालं होतं. बाबांना आज संध्याकाळी काय काय सुनावायचं, याचे शब्दही मनात जुळायला लागले.

तिने आतलं दार लोटलं. धुरात कढईपाशी पाठमोरं कोणीतरी बसलं होतं, डोक्याला फडकं बांधून.

"आई," तिने हाक मारली.

बाबांनी मागे वळून पाहिलं.