शहाण्यासारखी

ट्यूना मासेमारीच्या बोटीवरून डेस कित्येक महिन्यांनी पोर्ट लिंकनला घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बायको लोर्ना आणि लहानगी लेक एडी यांना घेऊन धक्क्यावर गेला. एडी स्वमग्न होती. डॉल्फिन दिसले की ती जागच्या जागी उड्या मारायची, दोन्ही हात जोरजोरात फडफडवायची आणि ‘आले, आले, आले’ ओरडत सुटायची. लोक वळून वळून बघायचे.

त्या सकाळी डॉल्फिनांचा कळप अगदी धक्क्याला लागून गेला. एक पिल्लू आईच्या अंगाला घासत पोहत होतं. एडी मात्र जाकिटाच्या खिशात हात घालून गप्प उभी होती.

"बघितलंस?" लोर्ना हळूच म्हणाली. "तू नव्हतास तेव्हा तिच्या थेरपीच्या बाईंनी शिकवलं. आता हिला कुठेही नेता येतं. परवा सिनेमा बघून आलो आम्ही."

"कमाल केलीत गं दोघींनी!" डेसला खरंच कौतुक वाटलं.

कळप लांब गेल्यावर तो एडीसमोर उकिडवा बसला. "काय मग एडीबाई, पिल्लू कसलं गोड होतं ना?"

"पिल्लू होतं?"

"अगं, तुझ्या समोरून तर गेलं!"

"मला नाही दिसलं, बाबा," एडी म्हणाली. खिशातल्या मुठी तिने अजून सोडल्या नव्हत्या. "मी हात धरून ठेवत होते."