नकाशातली हिरवाई

"मावशी, तुमच्या माळावरची हिरवाई दहा वर्षांत दुप्पट झालीय," साहेबांनी उपग्रहावरून काढलेला नकाशा मेंढपाळ बाईंपुढे सरकवला. "मग सरकारी चारा कसा मंजूर करू?" बाईंनी नकाशा निरखला. पाऊस कमी होत गेला तसं गवत संपलं आणि त्याच्या जागी काटेरी झुडपांनी संसार थाटला. मेंढ्या त्यांना तोंड लावत नव्हत्या, पण आकाशातून तीही हिरवीच दिसत होती. "साहेब, तुमच्या खुर्चीचं रेक्झिनही हिरवंच आहे. मेंढ्या इथे बांधू का?" त्यांनी पिशवीतून झुडपाची फांदी काढून टेबलावर ठेवली. "तीनशे मेंढ्यांतल्या चाळीस उरल्यात." साहेबांनी फांदी उचलली आणि लगेच बोट तोंडात घातलं. मग अहवालातला 'हिरवा' खोडून त्यांनी 'काटेरी' लिहिलं. शेजारी बसलेला कारकून गडबडला, "साहेब, असा रंग यादीत नाही." "मग यादीत घाला," साहेब म्हणाले, "आणि चारा आजच पाठवा."