दुसरी बाटली

"आत्या, जरा जवळ या ना," म्हणत राजनंदिनीनं सासूच्या पदराचं टोक नाकाशी धरलं, दोनदा हुंगलं आणि ती आत निघून गेली.

रतनबाई ओट्यावर मिश्री लावत बसल्या होत्या. बोट तोंडातच राहिलं.

सुनेला सध्या हाच नाद लागला होता. देवळालीच्या बचत गटात कुणीतरी अंगावर मारायचा सेंट घरी करायला शिकवला होता. कोमट पाण्यात तुरटी विरघळवायची, गुलाबपाणी घालायचं, वाळ्याचा अर्क घालायचा, गाळायचं आणि फवाऱ्याच्या बाटलीत भरायचं. पहिली बाटली नवऱ्यासाठी झाली. आदिनाथ कारखान्यावरून यायचा तो मळीचा वास घेऊन. बाटली आल्यापासून त्याच्याजवळ माणसं बसायला लागली. रतनबाईंनीच हे कौतुक सगळ्या आळीला सांगितलं होतं.

आता दुसऱ्या बाटलीची तयारी चालली होती, आणि ती कुणासाठी हे रतनबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

"आत्या, गुडघ्याला कसलं तेल लावता तुम्ही?"

"करडईचं. लसूण आन् ओवा जाळून. का गं?"

"आणि पदराला बांधता तो कापूरच ना?"

"व्हय. सर्दीला बरा असतो. पन तुला कशाला पायजे?"

"वास नेमका कळल्याशिवाय बाटली जमत नाही," राजनंदिनी हसून म्हणाली.

रतनबाईंनी पदर आवरून घेतला. सून तोंडावर बोलली तर चार शब्द परत देता येतात. हुंगणाऱ्या सुनेला काय म्हणायचं? त्यांना फार वाईट वाटलं. पोरगी तशी गुणाची होती, म्हणून तर जास्तच.

दुपारी शेजारची मुबारकबी आली, ती बाहेरूनच ओरडत.

"रतन, उद्या गाडी निघती बघ! समिंदर बघायचा का न्हाई?"

आळीतल्या बायका कोकणात निघाल्या होत्या. मुळा धरणापेक्षा मोठं पाणी रतनबाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. समुद्राचं नाव काढलं की डोळे लकाकायचे, आणि मग शेवंती आठवायची.

शेवंती त्यांची म्हैस. रतनबाईंशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. गेल्या वर्षी त्यांना ताप आला, तेव्हा आदिनाथ पेटीतलं आईचं धुतलेलं लुगडं नेसून धार काढायला बसला होता. शेवंतीनं त्याला बादलीसकट शेणात बसवलं. गाव अजून हसतं.

"मी न्हाई येत," रतनबाई म्हणाल्या. "म्हशीचं काय करू?"

"आगं, तुजं नाव तुज्या सुनंनंच घातलंय की. शीट बी धरलीय."

"माज्या सुनंनं?" रतनबाईंचा आवाज खाली गेला. "मला घराभायेर काढायची लई घाई झालीया म्हन की. मुबारक, खरं सांग. माज्या अंगाला वास येतो का?"

"चाळीस वर्सं शेजारी हाय. मला न्हाई कदी आला."

"तुला कसा येईल? तुजी बी मिश्रीच."

मुबारकबी पोट धरून हसली. रतनबाईंना मात्र हसू येईना.

ती गेल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं. सुनेनं बाटली हातात देण्याआधी आपणच सुधारलेलं बरं. त्यांनी मिश्रीची डबी फडताळात लांब सरकवली, पदराचा कापूर सोडला, सुनेचा वासाचा साबण घेतला आणि लसणाचा मागमूस राहू नये इतकं अंग घासलं. वर मानेला पावडर थापली. परीटघडीचं लुगडं नेसून आरशात पाहिलं, तर स्वतःचंच त्यांना हसू आलं. नव्या नवरीसारखा वास येत होता.

दिवस कलल्यावर त्या बादली घेऊन ऐटीत गोठ्यात शिरल्या.

शेवंतीनं मान वळवली, नाक फेंदारलं आणि ती मोठ्यानं फुसकारली. रतनबाईंनी कासेला हात लावला, तसा तिनं पाय झाडला. बादली घरंगळत दारापर्यंत गेली.

"आगं, मी हाय! मी, रतन!"

शेवंती ढिम्म. पुन्हा हात लावला, पुन्हा पाय. दूध तर तिनं पार चोरलं होतं.

आता मात्र रतनबाईंना रडूच फुटलं. सुनेला वास येतो म्हणून धुतला, तर म्हैस ओळख देईना.

आवाज ऐकून राजनंदिनी धावत आली. तिच्या हातात दुसरी बाटली होती. सासूचा अवतार बघून ती आधी दचकली, मग हसू दाबत म्हणाली, "अहो आत्या, आजच कशाला हा साबण! थांबा. हलू नका."

रतनबाईंनी डोळे गच्च मिटले. "मार बाई. मार एकदाचा तुजा सेंट."

फुस्स. फुस्स. फुस्स.

अंगावर एक थेंबही पडला नाही. रतनबाईंनी डोळे किलकिले केले. सून स्वतःच्याच मानेवर, दंडांवर आणि पदरावर फवारा मारत होती. मग तिनं बादली उचलली आणि ती म्हशीजवळ उकिडवी बसली. गोठाभर मिश्रीचा, जळक्या लसणाचा आणि कापराचा वास दरवळला. शेवंतीनं राजनंदिनीचा खांदा चाटला आणि पान्हा सोडला.