सातवं एक्स्टेन्शन

"काका, ही एवढी एक्स्टेन्शन कोणी घातली?" अक्षयाने विचारलं, आणि विनायकराव हातातलं पुस्तक मिटून तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

अक्षया त्यांच्या बायकोची, वैजयंतीबाईंची भाची. दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन शिकायची आणि रविवारी फरीदाबादला मावशीकडे जेवायला यायची. आज मावशीने तिला आल्या आल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं होतं. ब्राउझर उघडला की जाहिराती धावून येत आणि वैजयंतीबाईंचं वाचन चॅनेलवर चढता चढत नसे.

"सात आहेत. ब्राउझरला चिकटलेले छोटे प्रोग्रॅम, मावशी. लोक 'यस यस' दाबत सुटतात आणि हे जमा होतात."

"यांना नाही म्हणणं कधी जमलंय?" वैजयंतीबाई म्हणाल्या. "लग्नालासुद्धा तसंच हो म्हणून बसले."

अक्षया हसली. विनायकरावांनीही हसून पाहिलं.

घशाच्या ऑपरेशननंतर वैजयंतीबाईंचा आवाज फाटला होता. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई दोन महिने भाजीवाल्याशीही बोलेना. डॉक्टर म्हणत, आवाज वापरा. शेवटी विनायकरावांनी भीत भीत आपले जुने लेख पुढे केले. आयुष्यभर सरकारी ग्रंथालयात बसून लिहिलेले, कोणाला न दाखवलेले. तू मोठ्याने वाच, आपण चॅनेल काढू, म्हणाले. ती वाचू लागली.

पहिल्याच वाचनाखाली कोणीतरी लिहिलं, 'हा आवाज आहे की गंजलेलं दार?'

ते वाक्य पुसायचं कसं, विनायकरावांना ठाऊक नव्हतं. ती आंघोळीला गेली होती, तेवढ्यात त्यांनी शोधून शोधून वाईट कॉमेंट लपवणारं एक एक्स्टेन्शन घातलं. त्यात चौकटीच चौकटी होत्या. घाईघाईत दिसेल तिथे खूण केली. वाक्य नाहीसं झालं. त्यानंतर त्या पानाकडे पाहायचा त्यांना धीर झाला नाही.

तिचा फोन बटणांचा. त्यामुळे जे काही दिसायचं ते याच कॉम्प्युटरवर. रोज चहाच्या वेळी ती त्यासमोर बसे आणि स्वयंपाकघरातल्या विनायकरावांना कॉमेंट वाचून दाखवे. "अहो, बडोद्याच्या एक बाई लिहितात, पुस्तकांवरच्या धुळीबद्दल वाचून त्यांना वडील आठवले." कधी देवासचे एखादे गृहस्थ. आठ महिने असंच चाललं होतं. कौतुक सगळं लेखनाचं असे, आवाजाबद्दल अवाक्षर नाही. आवाजावर जे लिहीत असतील ते लपत असणार, असं विनायकराव धरून चालत. तिच्या वाट्याचं आपल्याला मिळतंय असं वाटून त्यांना ओशाळं होई. तरी त्या जोरावर रोज सकाळी ते एक पान लिहीत आणि ती ते वाचे. वाचन थांबलं की ती पुन्हा मुकी होणार, एवढं मात्र त्यांना पक्कं कळत होतं.

"हे कुपनवालं, बंद. हे हवामान सांगणारं, बंद. काका, राशिभविष्य? तुम्ही?"

"ते आपोआप आलं."

"अच्छा, आपोआप!" अक्षया एकेक खटका बंद करत गेली. चार झाली, पाच झाली.

"अगं, आधी जेवून घे," विनायकराव म्हणाले. "भात निवतोय."

"दोनच राहिलीत."

"तू मावशीचं वाचन ऐकलंस का एखादं?"

"ऐकायचंय यार. एक्झाम संपू दे, बिल्कुल ऐकणार." सहावंही बंद झालं. "आणि हे सातवं काय आहे?"

"ते राहू दे."

"का?"

वैजयंतीबाई खुर्ची ओढून जवळ आल्या होत्या.

"राहू दे म्हणतात तर राहू दे ना गं," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "चल, पानं घेते."

"मावशी, सगळ्यात जास्त घोळ यानेच केलेला असेल तर? काका, घातलंय कशासाठी ते तरी सांगा."

विनायकरावांनी बायकोकडे पाहिलं नाही. टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत ते म्हणाले, "वाईट कॉमेंट लपवतं ते. पहिल्या दिवशी कोणीतरी आवाजावर लिहिलं होतं. हिने वाचलं असतं तर ही पुन्हा गप्प झाली असती. मी घातलं. मला माफ कर, वैजू."

वैजयंतीबाईंनी हात पुढे करून माउस धरू पाहिला, पण तोवर अक्षयाने त्या एक्स्टेन्शनची खिडकी उघडली होती.

"वाईट कॉमेंट कुठे, काका? तुम्ही तर सगळ्याच चौकटींवर खुणा केल्यात," ती हसत म्हणाली. "हे चांगल्या-वाईट सगळ्याच कॉमेंट लपवतंय. मावशी, आठ महिन्यांत तुला त्या पानावर एकसुद्धा दिसली नसेल."