घड्याळवाल्याचा चष्मा

“तुम्ही माझा नवरा गिळलात,” घड्याळवाल्याची बायको ध्यानाच्या खोलीत शिरताच गुरुजींच्या तोंडावर म्हणाली. तीन महिन्यांत मीपणा घालवून येतो म्हणालेला माणूस वर्ष उलटलं तरी परतला नव्हता. गुरुजी हसले. “ओळखा आणि घेऊन जा, बाई.” भिंतीकडे तोंड करून चाळीस पुरुष बसले होते, सगळ्यांच्या डोक्याचे गोटे. सवयीने तिने हाक मारली, “अहो.” चाळीस माना एकदम वळल्या. चाळीस चेहऱ्यांवर नवऱ्याचंच वाकडं हसू. तिने पिशवीतून त्याचा चष्मा काढला. दुसऱ्या कुणी लावला तर भोवळच यावी, असा जाड. पहिल्याने लावून तिच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं. “दोन मिनिटं मागे पडतंय गं.” दुसऱ्याने लावला. “दोन मिनिटं मागे पडतंय गं.” तिसऱ्याने हात पुढे केला, तशी ती गुरुजींकडे वळली. “पोरं दारात उभी आहेत, गुरुजी. यातल्या कुणाला बाबा म्हणायचं त्यांनी?”