नवा अँटीव्हायरस

सर्व्हरच्या खोलीत उंदीर मरून सडला होता. "मावशी, तेवढं बघा," म्हणत इंजिनिअर मंडळी नाकाला रुमाल लावून दाराबाहेर थांबली. सफाईवाल्या मावशींनी लेकीच्या जुन्या पिवळ्या ओढणीने तोंड बांधलं, वायरींच्या जंजाळात हात घातला आणि ती घाण शेपटीला धरून उचलली. मेल्यांनी फोटो काढला, वर दातही काढले. संध्याकाळी कॉम्प्युटर शिकणारी लेक जेवायला बसली ती मोबाइल नाचवतच. "आई, हा फोटो बघ! खाली लिहिलंय, 'आमचा नवा अँटीव्हायरस.' ग्रुपवर सगळे हसून लोळताहेत. मीसुद्धा वीस जणांना पाठवला." मावशींनी बघितलं. लेकीने स्वतःची ओढणीदेखील ओळखली नव्हती. "शी! असल्या घाणीला कुणी हात तरी कसा लावतं?" तिने तोंड वाकडं केलं. चार वेळा साबणाने धुतलेला हात भात वाढता वाढता थबकला. मावशी वाढायला चमचा शोधू लागल्या.