जॅकेट

पॉइंटच्या कठड्याशी उभं राहून विश्रामने ड्रोन कड्याला खेटून नेला. कातळाला आग्यामाश्यांची मोहोळं लोंबत होती.

"लांब ठेव, चवताळतील!" मित्र दिगंबर ओरडला.

"एकच फोटो!"

दुसऱ्याच क्षणी माश्या दिगंबरवर तुटून पडल्या. पापण्यांत, कानांत नांग्या रुतल्या. तो जमिनीवर लोळत किंचाळला, "तुझं जॅकेट टाक अंगावर!"

विश्रामने जॅकेट काढलं. पण सवयीने हात गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेले. कॅमेरा जॅकेटात गुंडाळून, पोटाशी धरून तो पळत सुटला. दिगंबरवर ओलं गोणपाट टाकलं ते चहावाल्या मावशींनी.

दवाखान्यात दिगंबरचे डोळे सुजून मिटले होते. चाचपडत त्याने विश्रामचा हात धरला. "तुझं जॅकेट अंगावर पडलं, म्हणून वाचलो रे."

"हं," विश्राम म्हणाला आणि अंगातल्या जॅकेटची चेन त्याने हळूच गळ्यापर्यंत ओढली.